घास आणि संगत



वाचक माउली, सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते हे आपल्याला सांगायला नको. हंडी फुटते, आणि पोहे, लाह्या, दही, लोणचे असे सगळे कालवलेले प्रत्येकाच्या तळहातावर पडते. सात दिवस ज्ञानेश्वरीचे पारायण झाले, हरिपाठ झाला, रोज रात्री कीर्तन आणि मग जागर झाला. एवढ्या सगळ्यानंतर शेवट कशाने, तर एका घासाने. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला झाल्याशिवाय जुना वारकरी वारी पुरी झाली असे मानत नाही. गोकुळात ज्याने त्याने आपापल्या घरची शिदोरी आणली. कुणाची ताजी, कुणाची शिळी, आणि एखाद्याकडे काहीच नव्हते. भगवंतांनी सगळ्यांचे एकत्र कालवले. कोणता घास कुणाच्या घरचा हे ओळखू येईना, तेव्हा त्याचा काला झाला.

पन्नासएक वर्षे कीर्तन केले. आता आवाज साथ देत नाही, म्हणून नारदाच्या गादीवर उभा राहत नाही. पण लोक अजून भेटायला येतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचे म्हणणे एकच असते : महाराज, सगळे आहे, पण मन लागत नाही. झोप येत नाही, जपात चित्त थांबत नाही, कशाची गोडी वाटत नाही. मी नामस्मरण सांगतोच. पण त्याआधी दोन प्रश्न विचारतो. काल रात्री काय जेवलात? आणि कुणाबरोबर जेवलात? काहींना हे प्रश्न परमार्थाला सोडून वाटतात. पण ते माझ्या पदरचे नाहीत. आपल्या संतांच्या चरित्रांतून आणि आपल्या करवीरच्या इतिहासातून ते मला मिळाले आहेत. तो इतिहास आज आपल्यापुढे मांडतो.

पहिल्या प्रश्नाचे मूळ फार जुने आहे. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणींनी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस अन्न वर्ज्य करायला सांगितले. पाणी मात्र हवे तेवढे पी म्हणाले. पंधरा दिवसांनी मुलगा आला. वडील म्हणाले, आता वेद म्हण. बारा वर्षे गुरुगृही राहून शिकलेला मुलगा, पण त्याला काही आठवेना. मग वडिलांनी त्याला जेवायला धाडले, आणि जेवून आल्यावर विचारलेले सगळे तो सांगू लागला. मन हे अन्नाचेच बनलेले आहे, असे त्या ऋषीने पोराला शिकवले, तेही प्रवचन न करता, उपाशी ठेवून आणि जेवू घालून. गीतेच्या सहाव्या अध्यायातही भगवंत सांगतात की फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. आपल्याकडे उपासाचे कौतुक फार, म्हणून या दुसऱ्या अर्ध्याकडे लोकांचे लक्ष जात नाही.

उपनिषदातला उपास ठरवून केलेला होता. न ठरवता आलेली उपासमार काय करते ते तुकोबारायांच्या चरित्रात दिसते. १६३० च्या सुमारास दख्खनेत सलग दुष्काळ पडला. तुकोबारायांची वडिलोपार्जित सावकारी आणि दुकानदारी बुडाली. आईवडील त्याआधीच गेले होते. थोरली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली. मुलगा संतू गेला. महाराजांनी स्वतःच अभंगांत हे सांगितले आहे, आणि त्यात दुःखाबरोबर लाजेचा उल्लेख केला आहे. माउली, या लाजेकडे लक्ष द्या. घरात अन्न नसले की माणूस चार लोकांत जायला लाजतो. दारात कुणी आले तर पुढे काय ठेवायचे, म्हणून दार लावून घेतो. पोट रिकामे झाले की माणूस आधी माणसांतून उठतो. महाराज भामचंद्राच्या डोंगरावर एकटे जाऊन बसले. चरित्रकार सांगतात की धाकटे बंधू कान्होबा त्यांना शोधत गेले आणि त्यांनी त्यांना इंद्रायणीकाठी आणले. तिथे कर्जखतांच्या दोन वाटण्या झाल्या आणि महाराजांनी आपल्या वाट्याची खते डोहात सोडली.

ही सावकारी खते बुडवल्याची गोष्ट सगळे कीर्तनकार रंगवून सांगतात. मला त्यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. महाराजांनी पडझड झालेले विठ्ठलमंदिर दुरुस्त केले, आणि तिथे दुसऱ्यांच्या कीर्तनात मागे उभे राहून ध्रुपद धरू लागले. जगद्गुरू झाले ते नंतर. आधी टाळकऱ्यांच्या रांगेत उभे राहिले. ज्याचे घरदार दुष्काळाने खाल्ले, तो माणूस परत माणसांत आला तो या वाटेने. आणि घासाचे काय म्हणाल, तर ते काम जिजाईंनी केले. महाराज भंडाऱ्यावर जाऊन बसत, आणि ही माउली पोरांचे आवरून, भाकरी बांधून, उन्हातान्हात डोंगर चढत असे. धनी जेवल्याशिवाय आपण जेवायचे नाही असा तिचा नेम सांगतात. जिजाईंना कजाग ठरवून कित्येक कीर्तनांत हशा पिकवला जातो. मला ते कधी रुचले नाही. ती बाई रोज भाकरी घेऊन चढली नसती तर गाथा कुणी लिहिली असती?

उपासमारीने माणूस माणसांतून उठतो, हे पुढे तिकडच्या शास्त्रज्ञांनीही मोजून पाहिले. माझा नातू वैद्यकीचा अभ्यास करतो, त्याने मला हे वाचून दाखवले. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ साली, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवले. लढाईत शस्त्र धरायचे नाही असे व्रत घेतलेले हे तरुण होते, म्हणजे मनाने खंबीर. त्यांचे वजन जवळजवळ चौथाईने उतरले, हे अपेक्षितच होते. पण त्यांचे हसणे बंद झाले. ते चिडके आणि उदास झाले. मित्रांत बसणे त्यांना नकोसे वाटू लागले. ताटातले थोडके अन्न ते एकेकटे, तासन् तास चिवडत बसत. श्वेतकेतू पाठांतर विसरला, तशी ही मुले स्नेह विसरली. दुष्काळाने देहूत काय केले असेल याची कल्पना त्यावरून करावी.

पण अन्न मिळाले म्हणजे मन सावरलेच, असेही नाही. ती दुसरी बाजू आपल्या कोल्हापुरातच घडली. तुकोबारायांच्या शिष्या संत बहिणाबाई यांचे बालपणीचे दिवस या गावात गेले, हे कोल्हापूरकरांनाही फारसे ठाऊक नसते. त्यांचा जन्म १६२८ सालचा, वेरूळजवळच्या देवगावचा. तिसऱ्या वर्षी तिशीतल्या बिजवराशी लग्न झाले. नवव्या वर्षी भाऊबंदकी आणि कर्ज यांमुळे आईवडील, पती आणि ही पोर असे सगळे घर सोडून निघाले. भिक्षा मागत पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर असे करीत ते कोल्हापूरला आले. बहिणाबाई तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. बहिरंभट नावाच्या वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मणाने त्यांना आपल्या घरी आसरा दिला. गावात कथाकीर्तन रोजचे. जयराम स्वामींची कीर्तने चालू होती. रानोमाळ हिंडलेल्या कुटुंबाला निवारा मिळाला, पोटाची भ्रांत मिटली.

त्या घरी त्यांना एक गाय मिळाली आणि गायीला वासरू झाले. खेळायला सवंगडी नसलेली ती मुलगी आणि ते वासरू यांचा असा जीव जडला की ती पाण्याला गेली तर वासरू मागे, कीर्तनाला गेली तर वासरू मागे. कीर्तनातही ते शांत उभे राहायचे. एकदा गर्दीत अडचण होते म्हणून कुणी वासराला बाहेर काढले. मुलगी रडू लागली. जयराम स्वामींनी वासराला परत आत आणायला लावले आणि दोघांच्याही डोक्यावर हात ठेवला. बस, एवढेच घडले. पण गावात बोलबाला झाला, पतीच्या कानावर गेले, आणि त्यांनी रागाने त्या पोरीला बांधून मारले. कीर्तन बंद, वासराला भेटणे बंद. बहिणाबाईंनी स्वतः आत्मनिवेदनाच्या अभंगांत हे लिहून ठेवले आहे. गाय आणि वासरू, दोघांनी चारापाणी सोडले. काही दिवसांत वासरू गेले. आणि ही मुलगी शुद्ध हरपून कित्येक दिवस पडून राहिली. त्याच अवस्थेत तिला, कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या, तुकोबारायांचे दर्शन झाले आणि अनुग्रह मिळाला.

बहिणाबाईंच्या साक्षात्काराला मी आजाराच्या चौकटीत बसवतो आहे असे कुणी समजू नये. ती अनुभूती माझ्या तोंडी लावण्याच्या योग्यतेची नाही. मी आपले लक्ष फक्त त्या वासराकडे वेधतो. त्याच्या पुढ्यात चारा होता, पाणी होते. त्याला तोड झाली ती संगतीची, आणि मग चारा असून नसल्यासारखा झाला. आपल्या घरांत आज असे किती जण आहेत? डबा वेळेवर येतो, फ्रीज भरलेला आहे, मुलगा परदेशातून पैसे पाठवतो, आणि ताटातले अर्धे अन्न तसेच राहते. सुना आणि शेजारी म्हणतात, हल्ली त्यांना भूकच नसते. भूक मेलेली नसते, माउली. समोर कुणी बसलेले नसते.

पुढे बहिणाबाईंचे पती स्वतः तापाने महिनाभर अंथरुणाला खिळले. ज्या मुलीला सोडून देण्याचे त्यांच्या मनात आले होते, तिनेच त्यांची सेवा केली. त्यांना पश्चात्ताप झाला आणि सगळे कुटुंब देहूला गेले. तिथे बहिणाबाईंना तुकोबारायांची कीर्तने प्रत्यक्ष ऐकायला मिळाली. पुढे १७०० सालापर्यंत त्या राहिल्या आणि आपल्या परंपरेचा मोठा आधार झाल्या. संगत तुटल्याने कोमेजलेले मन संगत मिळाल्यावर कसे फुलले, हे त्यांच्या अभंगांत जागोजागी दिसते.

इथवर आपल्या परंपरेचे गुणगान झाले. आता थोडे अवघड बोलतो. संगतीची एवढी महती जाणणाऱ्या आपल्या वारीत सगळे एकत्र जेवत होते का? चोखोबारायांची समाधी महाद्वाराबाहेर आहे, आणि त्यांच्या नंतर सहाशे वर्षे त्यांच्या समाजाला मंदिरात पाऊल टाकता आले नाही. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस प्राण पणाला लावले तेव्हा ते दार उघडले. जेवणाचेही तेच. नाथमहाराजांनी पैठणला श्राद्धाचे अन्न अस्पृश्यांना जेवू घातले ही कथा आपण साडेचारशे वर्षे सांगतो, पण दिंडीच्या पंगती मात्र वेगवेगळ्या पडत राहिल्या. विदुषी इरावतीबाई कर्वे वारीला चालल्या होत्या. त्यांच्या ‘वाटचाल’ या लेखात हे स्पष्ट लिहिले आहे. एकाच दिंडीत, एकच अभंग म्हणत चालणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा वारकऱ्यांचा स्वयंपाक वेगळा आणि पंगत वेगळी. त्यांना याचे फार वाईट वाटले. त्या मराठा बायकांबरोबर जेवायला बसल्या. त्यांनी नोंदवले आहे की त्या जेवणानंतर बायका त्यांच्याशी मोकळ्या झाल्या, हात धरून चालू लागल्या, आपल्या संसाराची सुखदुःखे सांगू लागल्या आणि त्यांना ताई म्हणू लागल्या. त्याआधीही वाट एकच होती आणि भजनही तेच होते. बायका बोलू लागल्या त्या एका पंगतीला बसल्यावर.

या बाबतीत आपल्या करवीर संस्थानाचा इतिहास अभिमानाचा आहे, आणि तो नीट समजूनही घेतला पाहिजे. राजर्षी शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले, आणि दोनच वर्षांनी दुष्काळ, मग प्लेग अशी संकटे लागोपाठ आली. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने काढली, निराधारांसाठी आश्रम उघडले. पण त्यांचे मोठे काम म्हणजे वसतिगृहे. खेड्यातला हुशार मुलगा शहरात शिकायला येतो तेव्हा तो दोन गोष्टींवाचून परत पळतो, एक पोटाला नाही म्हणून आणि दुसरे आपले माणूस नाही म्हणून. महाराजांनी हे ओळखले. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच साली दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, आणि पुढे कितीतरी. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. प्रत्येक जातीचे बोर्डिंग वेगळे का, असे आजची मुले विचारतात. आरंभी सर्वांसाठी एकच वसतिगृह चालवून पाहिले होते, पण एका ताटव्यात बसायला त्या काळचा समाज तयार नव्हता. जेवायला मिळाले, आपल्या माणसांची ऊब मिळाली, मुले टिकली. शेजारच्या बोर्डिंगातल्या मुलाशी मात्र ओळख झाली नाही. एवढी उणीव राहिली.

ती उणीव भरून काढणारा माणूसही याच बोर्डिंगांतून निघाला. हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोज गावी १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापूरला जैन बोर्डिंगात राहत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले, आणि परत आल्यावर अंघोळ करून शुद्ध व्हायला त्यांनी साफ नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, अशी हकिकत त्यांच्या चरित्रांत येते. हेच पुढे कर्मवीर अण्णा. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकच वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. तिथे मुले आळीपाळीने स्वयंपाक करायची, एकाच चुलीवरचे खायची, एका पंगतीला बसायची.

आणि धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाई वहिनी पुढे झाल्या. कर्मवीरांच्या या पत्नी जुन्या वळणाच्या, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. आरंभी त्यांना हे जड गेले असणारच. पण सगळ्या जातींच्या त्या पोरांना त्यांनी पोटच्या मुलांसारखे सांभाळले. एक-एक दागिना विकला, आणि एकदा मुलांच्या जेवणाला काहीच उरले नाही तेव्हा मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या गेल्या. वर्तमानपत्रांत आणि भाषणांत मंगळसूत्राचाच उल्लेख होतो. मला आठवण करून द्यायची आहे ती त्यांच्या रोजच्या वाढण्याची. कोण कमी जेवला, कोण गप्प आहे, कुणाला घरची आठवण येते, हे वाढणाऱ्या बाईला पहिल्यांदा कळते. आळंदीला शिकत असताना मी माधुकरी मागितली आहे. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली तिथे वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून कित्येक पिढ्यांची मुले माधुकरीवर वाढली. एखाद्या दिवशी मी दारात गेलो नाही तर दुसऱ्या दिवशी त्या घरची माउली विचारायची, काल का आला नाहीस रे, ताप आला होता का? झोळीत चतकोर भाकरी पडे, आणि त्याबरोबर हा प्रश्न पडे. घरापासून दूर असलेल्या पोराला कशाने जास्त बळ येत होते, ते मला आजही सांगता येणार नाही.

आता आजच्याकडे येतो. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी करोनामुळे पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या. त्या दोन वर्षांत आमच्या भजनी मंडळातले जुने वारकरी मी जवळून पाहिले. रोगाने न गाठलेलेही खंगले. पेन्शन चालू होती, धान्य घरात होते, दूरदर्शनवर कीर्तन लागत होते. तरी एक जण मला फोनवर म्हणाला, महाराज, पिठले भाकरी घरातही तीच आहे, पण ती उतरत नाही. आपल्या नंदवाळच्या वारीचेही तसेच. एरवी एकादशीच्या दिवशी कोल्हापुरातून दिंडी निघते, पुईखडीला रिंगण होते, वाटेत कुणी केळी देतो, कुणी राजगिऱ्याचा लाडू, कुणी चहा. देणाऱ्याचे नाव कुणी विचारत नाही. ज्याला ती वारी चुकली त्याला नेमके काय चुकले, हे केळ्याच्या किमतीवरून कळणार नाही. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने एकाकीपण हा साऱ्या जगाच्या आरोग्याचा प्रश्न ठरवून त्यासाठी स्वतंत्र आयोग नेमला. आपल्या दिंडीतल्या कोणत्याही विणेकऱ्याने त्यांना हे आधीच सांगितले असते, पण सांगायला कुणी विचारले नाही.

आणखी एक गोष्ट मला माळकऱ्यांना कळकळीने सांगायची आहे. आपण माळ घातली, अभक्ष्य सोडले, उत्तम केले. पण बी-१२ नावाचे एक जीवनसत्त्व आहे, ते निसर्गतः प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नातच असते. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक यांतूनच मिळते. म्हातारपणी पोटातून ते नीट शोषलेही जात नाही. एकटा राहणारा म्हातारा काय करतो? एकट्यासाठी दही कुठे विरजायचे, भाजी कुठे निवडायची, म्हणून सकाळी चहा-खारी, दुपारी चहा-बिस्किट आणि रात्री सकाळचाच भात. या जीवनसत्त्वाची कमतरता झाली की हातापायांना मुंग्या येतात, थकवा येतो, विसर पडतो, आणि मन उदास होते. घरचे म्हणतात वय झाले, आणि आपण म्हणतो प्रारब्ध. डॉक्टर रक्त तपासून सांगतात आणि गोळ्या किंवा इंजेक्शन देतात, त्यात व्रतभंग होत नाही. काल्यात दही का, हे मी शास्त्राधाराने सांगू शकणार नाही. पण आपल्या वाडवडिलांनी शेवटच्या घासात दही घातले आहे, ते रोजच्या ताटातही असू द्या. तसेच एकादशीचे. मधुमेह असलेल्यांनी आणि गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून फराळ ठरवावा. दोन वेळा तुपातली साबुदाण्याची खिचडी आणि दिवसभर चहा, याला उपास म्हणणे म्हणजे पांडुरंगाला फसवणे आहे, आणि तो काही फसत नाही.

ज्याला महिनोन्महिने जगणे नकोसे वाटते, त्याला नुसते पंगतीला बोलावून भागणार नाही. त्याला वैद्याकडे न्यावे, आणि न लाजता न्यावे. नाम घेणाऱ्याला औषध वर्ज्य आहे असे कोणत्याही संताने सांगितलेले नाही. कान्होबा डोंगरावर भावाला शोधत गेले. तसे कुणी तरी शोधत जावे लागते, कारण जो उठून गेलेला असतो तो स्वतः परत येत नाही.

आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाने गेली चार वर्षे एक पद्धत ठेवली आहे. एकादशीचा उपास बारसेला सोडायचा तो आपापल्या घरी नाही. मंडळातले किंवा ओळखीतले जे कोणी एकटे राहतात, त्यांच्या घरी आठ-दहा जणांनी जायचे. प्रत्येकाने एक पदार्थ न्यायचा, पण चूल त्या घरची पेटली पाहिजे, निदान भात तरी तिथे शिजला पाहिजे. हा नियम एका म्हातारीनेच घातला. पहिल्या खेपेला सगळे डबे भरून नेले होते, तर ती म्हणाली, माझ्या घरी येऊन मलाच पाहुणी करता होय? तेव्हापासून भात यजमानाचा. जेवणाआधी हरिपाठाचे काही अभंग होतात, आणि जातपात, पक्ष, तालीम यांचे कुणी विचारत नाही. मागच्या श्रावणात एका घरी एक सेवानिवृत्त मुस्लिम मास्तर शेजारी म्हणून आले, ते आता दर बारसेला असतात आणि दह्याची वाटी आणतात. विशेष असे काही कुणी बोलत नाही. पाऊस कसा आहे, गुडघा कसा आहे, नातवाचे लग्न जमले का, एवढेच.

येत्या बारसेला पाळी रंकाळ्याकडच्या एका आजींची आहे. पती गेल्यापासून वर्षभर त्या कुणाकडे गेल्या नव्हत्या. निरोप द्यायला गेलो तर म्हणाल्या, किती जण येणार ते नक्की सांगा, तांदूळ आदल्या रात्रीच निवडून ठेवायचे आहेत.